कपाटातलं मोलाचं काय? घरच्या चित्रपटसंग्रहाची चिकित्सा



गेल्या व्याख्यानात आपण ‘मूळ’ आणि ‘प्रत’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. चित्राला मूळ असतं आणि त्याची नक्कल ही नक्कलच असते. कवितेचं तसं नाही, कवितेची कुठलीही शुद्ध प्रत ही कविताच असते, हे आपण पाहिलं. नेल्सन गुडमन यांनी १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात कलांची जी विभागणी केली, तिचा आपण तिथे आधार घेतला होता. त्यानंतर बऱ्याच श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारला, की मग चित्रपटाचं काय? तो चित्राच्या बाजूला जातो की कवितेच्या?

या प्रश्नाचं उत्तर हवेत शोधण्यापेक्षा आपण आज एका कपाटासमोर उभे राहू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते आहे. वरच्या खणात व्हीएचएस कॅसेट, मधल्या खणात व्हीसीडी आणि डीव्हीडी, एखाद्या हौशी माणसाकडे ब्लू-रे, आणि माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये, कुणाच्या तरी मुंजीची नाहीतर लग्नाची कॅसेट. आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत. मुलं म्हणतात, ‘बाबा, हे सगळं तर मोबाइलवर दिसतं, द्या ना भंगारवाल्याला.’ मग प्रश्न पडतो, यातलं ठेवायचं काय? सगळ्यात मोलाचं काय?

प्रश्न घरगुती दिसतो, पण त्यात मूल्यविचाराचा जुना पेच आहे. एखादी वस्तू मोलाची आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं कशाबद्दल बोलत असतो? त्या प्लास्टिकबद्दल, त्यावरच्या चित्रपटाबद्दल, की तिच्याशी असलेल्या आपल्या नात्याबद्दल? संग्राहक मंडळी या प्रश्नाला साधारण चार उत्तरं देतात. आपण चारही तपासू, आणि मग त्यांनी सहसा न दिलेलं पाचवं उत्तर पाहू.

पहिलं उत्तर : दुर्मीळ ते मोलाचं

हे उत्तर सगळ्यात लोकप्रिय आहे. त्याचा कळस पाहायचा असेल तर २०२२ साली अमेरिकेत झालेला एक लिलाव पाहा. ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाची एक व्हीएचएस कॅसेट ७५ हजार डॉलरला गेली. बिफची भूमिका करणारे टॉम विल्सन यांच्याकडची ती कॅसेट होती, आणि तिची ख्याती अशी की तिचं वेष्टन कधीच फोडलेलं नव्हतं.

आता बघा हं. ‘बॅक टू द फ्यूचर’ हा काही हरवलेला चित्रपट नाही. तो कुठेही मिळतो आणि त्या कॅसेटपेक्षा कितीतरी चांगला दिसतो. मग ७५ हजार डॉलर कशाचे? न पाहिलेपणाचे! ही कॅसेट लावली की तिची किंमत गेली. म्हणजे जी गोष्ट करण्यासाठी ती वस्तू जन्माला आली, तीच गोष्ट तिच्या किमतीचा नाश करते. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात मांडलं होतं की यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचं तेजोवलय विरून जातं. इथे उलटंच घडलेलं दिसतं. लाखोंनी छापलेल्या वस्तूभोवती एक वलय परत आणलं आहे, आणि तेही तिच्यातली कला कुलूपबंद ठेवून.

आमचा त्या खरेदीला नैतिक आक्षेप नाही. ज्याचा पैसा त्याचा छंद. आमचा आक्षेप तर्काचा आहे. ‘दुर्मीळ’ हा वस्तूचा गुण नाही. तांबडेपणा टोमॅटोत असतो तसा दुर्मीळपणा कॅसेटमध्ये नसतो. किती प्रती उरल्या आणि किती जणांना हव्या आहेत, या दोन संख्यांमधलं ते नातं आहे. उद्या एखाद्या गोदामात तशीच पाचशे बंद खोकी सापडली, तर कॅसेटमध्ये तसूभरही बदल न होता तिची किंमत कोसळेल. अशा दुर्मीळपणाला आपण वस्तूचा दुर्मीळपणा म्हणू. त्याच्या शेजारी दुसरा एक आहे, आशयाचा दुर्मीळपणा : जे या फितीवर आहे ते दुसरीकडे कुठेच नाही. हे दोन्ही एकाच शब्दाने ओळखले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. लिलावात पहिल्याला भाव येतो. दुसरा बहुतेक वेळा रद्दीत जातो.

दुसरं उत्तर : संच पूर्ण करणारं ते मोलाचं

संग्राहकांचा दुसरा वर्ग क्रमांकांवर जगतो. अमेरिकेतली ‘क्रायटेरियन कलेक्शन’ ही संस्था १९८४ पासून निवडक चित्रपटांच्या अभ्यासपूर्ण आवृत्त्या काढते आहे. डीव्हीडीच्या काळापासून प्रत्येक आवृत्तीच्या पाठीवर, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर असतो तसा, क्रमांक असतो. पहिल्या क्रमांकावर रेन्वार यांचा ‘ग्रँड इल्युजन’, दुसऱ्यावर कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’. ज्याला सगळे क्रमांक हवेत त्याला चाळिसावाही हवा, आणि चाळिसावा कोणता? ‘आर्मागेडन’. लघुग्रहावर भोक पाडून पृथ्वी वाचवणारा तोच.

यावर हसणं सोपं आहे, पण आम्हाला या वर्गाबद्दल थोडा आदर आहे. आवडीने जमवणारा माणूस आजच्या आवडीच्या पलीकडे जाऊ शकत नाही. क्रमाने जमवणारा मात्र नावडतं, फसलेलं, विसरलेलंही जपतो, आणि पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला कधीकधी नेमकं तेच लागतं. शिवाय क्रमांकांच्या या खेळातून एक उपयोगी गोष्ट उघड होते. क्रायटेरियनच्या आठव्या आणि नवव्या क्रमांकावर जॉन वू यांचे ‘द किलर’ आणि ‘हार्ड बॉइल्ड’ होते. त्या आवृत्त्यांची छपाई पुढे बंद झाली आणि जुन्या तबकड्यांचे भाव चढले. संच पूर्ण करू पाहणाऱ्याला यातून जे कळतं, ते मोबाइलवर चित्रपट पाहणाऱ्याला सहसा कळत नाही : बाजारातली उपलब्धता ही कराराची बाब असते, आणि करार संपतो.

तरीही ‘संच’ हे मोलाचं अंतिम कारण होऊ शकत नाही. संच कुणीतरी आखून दिलेला असतो. क्रमांक देणाऱ्याने ज्याला क्रमांक दिला नाही ते आपल्या कपाटात येणारच नाही. ही निष्ठा विषयापेक्षा प्रकाशकाच्या सूचीवर अधिक असते.

तिसरं उत्तर : सगळ्यात चांगलं दिसणारं ते मोलाचं

तिसरा वर्ग म्हणतो, आम्हाला वस्तूशी आणि क्रमांकाशी देणंघेणं नाही, आम्हाला चित्रपट पाहायचा आहे. ज्या आवृत्तीत तो सर्वांत स्वच्छ, सर्वांत स्पष्ट दिसतो ती मोलाची. कॅसेट गेली, डीव्हीडी आली, डीव्हीडी गेली, ब्लू-रे आली, आता ४के. प्रत्येक पायरीवर आधीचं टाकून द्यायला हरकत नाही.

या उत्तरात तथ्य आहे, आणि त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. त्या काळात ती निरुपयोगी ठरली होती, तरी ती कुणी फेकली नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात ती जपली गेली. पुढे इटलीतल्या बोलोन्या इथल्या प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी त्या ठिसूळ फितींना पुन्हा ओलावा दिला, कडा हाताने जोडल्या, जिथे निगेटिव्ह उरलंच नव्हतं तिथे इतर ठिकाणच्या प्रतींतून भर घातली, आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट ४के रूपात लोकांसमोर आले. ज्यांनी ‘पथेर पांचाली’ धुरकट कॅसेटवर पाहिला होता, त्यांना काशाच्या फुलांमधली ती आगगाडी नव्याने भेटली. इथे नवं ते खरोखर चांगलं आहे.

पण प्रत्येक वेळी तसं होत नाही. फिल्मवर चित्र रासायनिक कणांनी बनतं. ते कण म्हणजे मळ नव्हे. चित्राचं ते अंग आहे. हे न कळणारे लोक यंत्राने ते पुसून टाकतात आणि माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. ‘प्रेडेटर’ची २०१० सालची ब्लू-रे याच कारणासाठी संग्राहकांत बदनाम आहे, जाणत्यांनी तिच्या आधीची, अधिक खरखरीत आवृत्ती जपून ठेवली. सारांश असा, की जीर्णोद्धार हा अर्थ लावण्याचा प्रकार आहे. देवळाच्या जीर्णोद्धारात आपण हे रोज पाहतो. काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासला की देऊळ नवं दिसतं, त्याच वेळी दगडावरची छिन्नीची खूण जाते. म्हणून ‘चांगलं दिसणं’ याला मोल मानण्याआधी ‘कशाच्या तुलनेत चांगलं’ हे विचारावं लागतं, आणि तुलनेसाठी जुनी प्रत हाताशी असावी लागते. तिसऱ्या उत्तराला टिकायचं असेल तर त्याने जे टाकून द्यायला सांगितलं त्याचीच गरज लागते.

चौथं उत्तर : वेगळा पाठ ते मोलाचं

आता आपण गंभीर संग्राहकांकडे येतो. ही मंडळी विचारतात, ‘कुठला चित्रपट?’ आणि लगेच पुढे विचारतात, ‘त्याचा कुठला पाठ?’ रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये आला तेव्हा त्याला नायकाचं निवेदन होतं आणि शेवट गोड होता. १९९२ च्या पाठात निवेदन गेलं, गोड शेवटही गेला. २००७ मध्ये आणखी एक, अंतिम म्हणवला जाणारा पाठ आला. यातला खरा ‘ब्लेड रनर’ कोणता?

हा प्रश्न ऐकून पुण्यातल्या माणसाला भांडारकर संस्था आठवल्याशिवाय राहत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ मध्ये सुरू झालं, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला शास्त्रीय शिस्त दिली, आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. हजाराहून अधिक हस्तलिखितं तपासली गेली. त्या कामाची खरी थोरवी कशात आहे? संपादकांनी एक पाठ निश्चित केला, हे तर आहेच. पण जे नाकारलं तेही त्यांनी छापलं. पानाच्या वरच्या भागात स्वीकारलेला श्लोक आणि खाली, बारीक टाइपात, कुठल्या हस्तलिखितात काय वेगळं आहे याची नोंद. प्रक्षिप्त ठरलेले मजकूर परिशिष्टात. म्हणजे वाचकाला संपादकाशी असहमत होण्याचं साधन संपादकानेच दिलं. त्याच्या उलट, आपल्याकडेच एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते ऋण आपल्यावर मोठं आहे. पण त्यांच्यासमोर कुठले पाठ होते आणि त्यांनी काय बदललं, हे आज कळायला मार्ग नाही. म्हणूनच अभ्यासक एकनाथपूर्व परंपरेच्या पोथ्या इतक्या आस्थेने शोधत राहिले.

चित्रपटसृष्टीत दोन्ही पद्धती दिसतात. ‘ब्लेड रनर’च्या २००७ च्या मोठ्या संचात पाच पाठ एकत्र दिले गेले. हा सुकथनकरी मार्ग झाला. ‘स्टार वॉर्स’चं मात्र वेगळं. १९७७ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीच्या सरकत्या मजकुरावर ‘एपिसोड फोर’ हे शब्दसुद्धा नव्हते. ते १९८१ मध्ये आले. १९९७ मध्ये जॉर्ज लुकस यांनी संगणकाने नवी दृश्यं घातली. हान सोलो आधी गोळी झाडतो, हे बदलून समोरचा ग्रीडो आधी झाडतो असं केलं. त्यानंतर घरी पाहायला मिळणारी अधिकृत आवृत्ती हीच झाली. २००६ मध्ये जुने पाठ एकदा डीव्हीडीवर जोड म्हणून दिले गेले, पण तेही १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून. गंमत अशी, की याच लुकस यांनी १९८८ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे, जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग चढवणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली होती. कलाकृती हा समाजाचा वारसा आहे, तो पुसू नका, असा त्यांचा आग्रह होता. मालक दुसरा असताना जे तत्त्व दिसतं ते मालक स्वतः असताना दिसत नाही, इतकंच यातून घ्यायचं.

आणि आता ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर आपल्या खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते मानवलं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे दाखवायचं नव्हतं. शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर कायद्याच्या ताब्यात जातो. आपल्या दोन पिढ्यांनी थिएटरात हाच ‘शोले’ पाहिला. पण १९९० साली परदेशात निघालेल्या व्हीएचएसवर आणि पुढे एका डीव्हीडीवर मूळ शेवट होता, सुमारे २०४ मिनिटांचा पाठ. ती कॅसेट दिसायला सामान्य. रंग उडालेले, आवाज दबका. तिसऱ्या उत्तरानुसार ती टाकूनच द्यायला हवी होती. पण ठाकूरच्या सूडाचा शेवट काय होता, हे सांगणारा साक्षीदार घराघरात तीच होती. मोठ्या पडद्यावर, जीर्णोद्धारित रूपात, मूळ शेवटासह ‘शोले’ दिसायला जून २०२५ उजाडावा लागला, आणि तो दिसला तोही आधी बोलोन्याच्या महोत्सवात.

‘शोले’मध्ये आणखी एक बारकावा आहे. तो चित्रित झाला ३५ मिलिमीटर फिल्मवर आणि मोठा करून ७० मिलिमीटरवर नेला गेला. तसं करताना चौकटीचा वरचा-खालचा भाग कापला जातो. त्या २०४ मिनिटांच्या पाठात पूर्ण चौकट दिसते. म्हणजे जास्त चित्र दिसतं! मग तो अधिक पूर्ण झाला का? आम्हाला तसं वाटत नाही. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं म्हणजे चित्रपट नव्हे. दिग्दर्शकाने आणि छायाचित्रकाराने त्यातून काय राखलं तो चित्रपट. शेवटाच्या बाबतीत ती डीव्हीडी मूळ हेतूच्या जवळ आहे, चौकटीच्या बाबतीत दूर. एकाच तबकडीत दोन्ही. म्हणून पाठचिकित्सा करताना ‘ही खरी, ती खोटी’ असा निवाडा चालत नाही. कुठली प्रत कशाबद्दल साक्ष देते हे पाहावं लागतं.

याच वर्गात तबकडीसोबत येणारा जोडमजकूर येतो : टीकाभाष्य, वगळलेली दृश्यं, पुस्तिका. चित्रपट चालू असताना जाणकाराने बाजूने बोलायचं, हा प्रकार १९८४ मध्ये क्रायटेरियनच्या ‘किंग काँग’च्या लेझरडिस्कवर रोनाल्ड हेवर यांनी सुरू केला. १९९१ मध्ये पहिल्या तीन जेम्स बाँडपटांच्या लेझरडिस्कवरचं भाष्य निर्मात्यांना रुचलं नाही आणि त्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या. भाष्य उरलं ते आधीच विकल्या गेलेल्या तबकड्यांवर. घरपोच प्रक्षेपणात चित्रपट येतो. भाष्य बहुतेक वेळा येत नाही. आपल्या परंपरेत टीकेशिवाय सूत्र फार लांब जात नाही, हे इथे सांगायची गरज नसावी.

तर चौथ्या उत्तराचं सार असं, की मालक जेव्हा नवा पाठ काढतो आणि जुना मागे घेतो, तेव्हा तो तळटिपा नसलेली आवृत्ती छापत असतो. त्या तळटिपा मग लोकांच्या कपाटात राहतात. आम्हाला हे उत्तर पहिल्या तिन्हींपेक्षा भक्कम वाटतं, कारण इथे मोल आशयाला आहे आणि ते पडताळून पाहता येतं.

पाचवं उत्तर : जे एकच आहे

पण इथे थांबलो तर आपण संग्राहकांच्याच चौकटीत राहू. चारही उत्तरांत एक गृहीतक दडलेलं आहे, की संग्रह म्हणजे विकत घेतलेल्या वस्तू. माळ्यावरची ती मुंजीची कॅसेट कुणीच मोजली नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे इथे परत जाता येतं. छापील चित्रपट कवितेसारखा आहे. एक प्रत गेली तरी कृती उरते. न्यायशास्त्राच्या भाषेत, व्यक्ती गेली तरी जाती उरते. घरी चित्रित केलेली फीत मात्र चित्रासारखी आहे. तिथे एकच व्यक्ती, तीच जाती. ती गेली की सगळं गेलं.

ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्या कितीतरी कार्यक्रमांच्या टेप पुसल्या. टेप महाग होती, तिचा पुनर्वापर व्हायचा. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग असे नाहीसे झाले. आज त्या हरवलेल्या भागांचं चित्र नाही, पण ध्वनी प्रत्येकाचा आहे. तो कुणी वाचवला? घरी दूरदर्शन संचासमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांनी! संस्थेने जे पुसलं ते दिवाणखान्यात उरलं. पुढे त्याच ध्वनीवर चित्रं रचून ते भाग पुन्हा प्रसिद्ध झाले.

याहून पुढचं उदाहरण घ्या. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये एब्राहम झाप्रुडर या कपड्यांच्या व्यावसायिकाने आपल्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने २६ सेकंदांचं चित्रण केलं. केनेडींच्या हत्येचा तो सर्वांत महत्त्वाचा दृश्य पुरावा ठरला. अमेरिकन सरकारला त्या मूळ फितीसाठी १९९९ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलर मोजावे लागले. तुम्ही म्हणाल, ती एका राष्ट्राध्यक्षाची हत्या होती, आमच्या मुंजीत काय आहे? ठीक. मग डेव्ह टात्सुनो यांची फीत घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं. युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत टात्सुनो यांनी चोरून आणलेल्या छोट्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. त्यात काय आहे? बर्फ पडतंय, लोक प्रार्थनेला जातायत, मुलं खेळतायत. घटना म्हणावी असं काही नाही. पण त्या रोजच्या जगण्यातूनच छावणी कशी होती हे कळतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत ‘टोपाझ’चा समावेश झाला, ‘सिटिझन केन’च्या पंक्तीत.

घरगुती चित्रणाचं मोल असंच कडेने येतं. ज्यासाठी चित्रण केलं ते मागे पडतं आणि मागे दिसत होतं ते पुढे येतं. मुंजीच्या कॅसेटमध्ये बटू केंद्रस्थानी असतो; चाळीस वर्षांनी पाहताना डोळे शोधतात ते मागे वाढप करणारी माणसं, पंगतीतली आज्जी, पाडलेला वाडा, बायकांच्या नऊवारीची बांधणी, आणि कुणाच्या तरी तोंडची आता ऐकू न येणारी बोली. हे कुठल्याही कंपनीने छापलं नव्हतं. ते परत कुणी छापणार नाही.

आणि म्हणून संग्राहकांच्या रूढ क्रमावर आमचा मुख्य आक्षेप असा. ज्या वस्तूच्या हजारो प्रती आहेत ती आपण काचेच्या कपाटात, वेष्टन न फोडता ठेवतो. जिची एकच प्रत आहे ती माळ्यावर, पावसाळ्याच्या ओलीत. आपला क्रम उलटा आहे. आमच्या मते तो असा असावा : आधी जे एकच आहे ते, मग जो पाठ मालकाने मागे घेतला तो, मग भाष्य आणि जोडमजकूर, मग इतर सगळं. दुर्मीळ खोकं शेवटी. त्याची काळजी बाजार घेईलच.

एक आक्षेप आणि एक चिठ्ठी

यावर एक आक्षेप रास्त आहे. कुणी म्हणेल, अशाने प्रत्येक घरातली प्रत्येक कॅसेट अमोल ठरेल, आणि सगळंच अमोल असेल तर निवड कशी करायची? बरोबर आहे. एकमेव असणं हे मोलाचं पुरेसं कारण नाही. प्रत्येक धूळकणही एकमेवच असतो. तिथे दुसरी अट लावावी लागते, साक्षीची. ही फीत कशाबद्दल तरी साक्ष देते का, आणि ती साक्ष ओळखणारं कुणी आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काळाबरोबर बदलतं, आणि काळजी तिथेच आहे. पडद्यावर कोण आहे हे सांगणारा माणूस गेला की फीत मुकी होते. साठ्ये काकांच्या शेजारी उभी असलेली ती मुलगी कोण, हे सांगणारी एक आत्याच उरली असेल, तर त्या कॅसेटचं अर्धं मोल त्या आत्यापाशी आहे.

समोरून एक चिठ्ठी आली आहे : ‘हे पटलं, पण आज घरी जाऊन नेमकं काय करायचं?’ थोडक्यात सांगतो. कॅसेट उभ्या ठेवा, कोरड्या जागी, लोखंडी कपाटात तळाशी नको. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराला दाखवा. नाहीतर टेप तर जाईलच, यंत्राचं हेडही खराब होईल. जुन्या ८ मिलिमीटर किंवा सुपर ८ रिळाला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर रासायनिक विघटन सुरू झालं आहे. ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवा आणि त्याचं चित्रण आधी उतरवून घ्या. लग्नाच्या कॅसेटवरून पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरी ‘बर्न’ करून घेतलेली सीडी-डीव्हीडी ही तर सगळ्यात कच्ची. कारखान्यात छापलेल्या तबकडीइतकी ती टिकत नाही. ‘सीडी केली आहे’ म्हणून मूळ कॅसेट फेकली असेल, तर ती सीडी आजच उतरवून घ्या. आणि उशीर करू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आहेत तोवरच हे काम होईल.

एवढं करून झालं की घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवा, चित्रण लावा आणि ते जे बोलतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. कोण, कुठे, कोणत्या साली. ही त्या फितीवरची टीका आहे असं समजा. महाभारताच्या पोथ्या लिहून ठेवणारेही बहुतेक अनामच होते. त्यांच्यापैकी कुणाला आपली पोथी एक दिवस पाठभेद म्हणून नोंदली जाईल हे ठाऊक नव्हतं.

भंगारवाला येईल तेव्हा त्याला खुशाल बोलवा. ‘आर्मागेडन’ द्या, तो कुठेही मिळेल. ‘शोले’ची कॅसेट देण्याआधी तिचा शेवट एकदा पाहून घ्या. आणि माळ्यावरची सुटकेस खाली काढल्याशिवाय त्याला जिना चढू देऊ नका.

पुढच्या व्याख्यानात आपण याच धाग्याची दुसरी बाजू घेऊ : विसरण्याचा हक्क असतो का, आणि जपणं कधी अन्याय ठरतं का.